माकड, हॅडॉक आणि शेजारचे गाव

निमंत्रणपत्रिकेवर आजच्या व्याख्यानाचा विषय ‘इंग्लंडमधील कनिष्ठ फुटबॉल श्रेणींतील समर्थकांचे परस्परसंबंध’ असा छापला आहे, हा आयोजकांच्या सभ्यपणाचा भाग झाला. मी कळवलेले शीर्षक ‘माकडाला फाशी कोणी दिली?’ असे होते. ते छापले असते तर प्राणिमित्रांचा मेळावा समजून निराळीच मंडळी आली असती, अशी भीती संयोजकांना वाटली आणि ती रास्तही होती. मात्र ‘परस्परसंबंध’ हा शब्द वाचून कोणी गंभीर समाजशास्त्राच्या अपेक्षेने आले असेल, तर त्यांची आधीच क्षमा मागतो. पुढचा तासभर मी एका गावाने दुसऱ्या गावाला कसे चिडवावे, याविषयीच बोलणार आहे.

मांडायचा मुद्दा एकच आहे आणि तो अगोदर सांगून टाकतो, कारण शेवटी वेळ उरत नाही, असा माझा जुना अनुभव आहे. शिवी कोणालाही देता येते. टोमणा मारायला माहिती लागते. समोरच्याचे गाव, त्याचा धंदा, त्याची फजिती, त्याच्या पणजोबांनी केलेला मूर्खपणा, हे सारे ठाऊक असल्याखेरीज टोमणा जागेवर बसत नाही. इंग्लंडच्या खालच्या लीगांमधले समर्थक एकमेकांना जे काही ऐकवतात, ते या अर्थाने शेजाऱ्याविषयीचे ज्ञान असते, आणि वरच्या मजल्यावर हे ज्ञान दिवसेंदिवस पातळ होत चालले आहे, असे माझे म्हणणे आहे. ते सिद्ध करण्याची जबाबदारी माझ्यावर आहे. अध्यक्षांच्या हातात घड्याळ आहे.

या इमारतीचे मजले येथे बहुतेकांना ठाऊक आहेत, तरी मागच्या रांगेसाठी थोडक्यात सांगतो. सर्वांत वर प्रीमियर लीगचे २० क्लब; त्यांच्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू असे चोवीस-चोवीस क्लबांचे तीन मजले; त्याखाली नॅशनल लीग, आणि मग तळघरांमागून तळघरे, अगदी ज्या मैदानाच्या कडेने लोक कुत्री फिरवतात तेथपर्यंत. दर मे महिन्यात काही क्लब जिना चढतात आणि काही गडगडत खाली येतात. वरच्या या चार मजल्यांना मी नुसते ‘लीग’ म्हणणार आहे. पूर्वी लीगच्या तळाला राहिलेल्या क्लबाला इतर क्लबांच्या मतांवर पुन्हा आत घेतले जाई, म्हणजे ओळखीपाळखीवर निभावून जाई. १९८६-८७ च्या हंगामापासून मात्र शेवटचा क्लब सरळ लीगबाहेर जाऊ लागला आणि खालच्या मजल्यावरचा मे महिना जीवघेणा झाला.

आता थोडे गाऱ्हाणे. पुण्यात एखाद्या उपाहारगृहात मोठ्या पडद्यावर सामना चालू असला, की मँचेस्टरच्या लाल आणि आकाशी रंगांचे शर्ट घातलेली आपली मुले एकमेकांचा उद्धार करताना दिसतात. त्यांच्या उत्साहाविषयी माझी तक्रार नाही. परंतु दोघेही कोथरूडचे, एकाच शाळेत शिकलेले, एकाच वडापाववाल्याकडे उधारी असलेले. एकमेकांविषयी त्यांना इतके काही माहीत असते, की मनात आणले तर ते एकमेकांना पाणी पाजतील. तरीही ते वापरतात ते टोमणे आयात केलेले, कोणीतरी दुसऱ्याने तिसऱ्यासाठी घडवलेले. अशाच एका टेबलावर मला विचारले गेले, ‘काका, तुमचा क्लब कोणता?’ मी अभिमानाने ‘हार्टलपूल’ असे सांगितले. त्यावर तो मुलगा अगदी निरागसपणे म्हणाला, ‘ते काय असतं?’ इंग्लिश फुटबॉलमधला सर्वांत जिव्हारी लागणारा टोमणा आपण नकळत मारला आहे, याची त्या बिचाऱ्याला कल्पना नव्हती. त्या टोमण्याकडे मी पुढे येणारच आहे.

१९९७ ते २०१३ अशी सोळा वर्षे मी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, टीस नदीच्या मुखाजवळच्या रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यात नोकरी केली. आमच्या पाळीत दोन फिटर होते. एक हार्टलपूलचा, म्हणजे समुद्राकाठच्या बंदराच्या गावचा. दुसरा डार्लिंग्टनचा, म्हणजे आत, रेल्वेच्या गावचा. दोन गावांमध्ये मोटारीने पाऊण तासाचे अंतर. पहिल्याच सोमवारी चहाच्या सुट्टीत मी पाहिले, की हार्टलपूलवाल्याच्या लॉकरच्या कडीला कोणीतरी सुतळीने एक केळे टांगले आहे. त्याने ते शांतपणे सोडवले, सोलले, खाल्ले आणि साल डार्लिंग्टनवाल्याच्या बुटात ठेवली. दोघांपैकी कोणीही एक शब्द बोलले नाही. मला वाटले, हा सुरक्षेच्या नियमांचा काही भाग असावा.

मग मला ती कथा सांगण्यात आली, आणि सांगितली ती डार्लिंग्टनवाल्याने, कारण हार्टलपूलची कथा हार्टलपूलबाहेरच अधिक रंगवून सांगतात. नेपोलियनशी युद्ध चालू असताना एक फ्रेंच जहाज हार्टलपूलच्या किनाऱ्याजवळ वादळात फुटले. सगळे खलाशी बुडाले आणि वाचले ते एक माकड, तेही करमणुकीसाठी सैनिकी गणवेश घातलेले. गावच्या कोळ्यांनी फ्रेंच माणूस कधी पाहिला नव्हता आणि माकडही पाहिले नव्हते. त्यांनी वाळूतच चौकशी मांडली. आरोपी एकाही प्रश्नाचे उत्तर देईना, जे बोले ते कोणालाही कळेना, तेव्हा हा फ्रेंच हेर आहे, असा निवाडा होऊन त्याला होडीच्या डोलकाठीला फाशी देण्यात आले. या घटनेचा एकही कागदोपत्री पुरावा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर टाइन नदीकाठच्या एका विनोदी गायकाने त्यावर गाणे रचले आणि कथा पसरली, एवढे मात्र निश्चित आहे. अशीच एक कथा स्कॉटलंडमधल्या बॉडम या गावाविषयीही सांगतात. पुरावा नसल्यामुळे कोणाचे काही अडले नाही. हार्टलपूलच्या माणसाला ‘माकड टांगणारे’ हे नाव कायमचे चिकटले आणि त्यांचा संघ कोठेही गेला, की समोरच्या स्टँडमधून ‘माकडाला कोणी मारले?’ असा सामुदायिक प्रश्न येऊ लागला.

येथे एक गोष्ट नीट पाहावी, असे मला वाटते. हा टोमणा हार्टलपूलवाल्यांनी नाकारला नाही. आपल्याकडे एखाद्या गावाविषयी अशी गोष्ट पसरली असती, तर प्रथम खंडन करणारे पत्रक निघाले असते, नंतर इतिहास संशोधन समिती नेमली गेली असती आणि शेवटी माकड मुळात शेजारच्या तालुक्यातले होते, असे सिद्ध झाले असते. हसता आहात, म्हणजे आपल्याला तालुका ठाऊक आहे. हार्टलपूलच्या क्लबाने काय केले? त्याने आपल्या शुभंकराला माकडच केले आणि त्याचे नाव ‘हँगस’ ठेवले. अँगस हे साधे स्कॉटिश नाव. त्याच्यामागे ‘ह’ लावला, की फाशी आलीच. सामन्याच्या दिवशी एक तरुण त्या केसाळ पोशाखात घामाघूम होऊन मैदानाच्या कडेने नाचत असे आणि अतिउत्साहामुळे त्याला परक्या मैदानांवरून बाहेरही काढण्यात आले होते.

त्या तरुणाचे नाव स्टुअर्ट ड्रमंड. २००२ मध्ये हार्टलपूलला इतिहासात प्रथमच थेट जनतेतून महापौर निवडायचा होता. हा गृहस्थ माकडाचा पोशाख घालून प्रचाराला निघाला. शाळेतल्या प्रत्येक मुलाला फुकट केळे, हे त्याचे आश्वासन. सर्वांनी ती थट्टा मानली आणि मे महिन्यात तो निवडून आला. थट्टा असती तर येथेच संपली असती. परंतु त्याने पोशाख उतरवून ठेवला, कोट घातला, काम केले, आणि २००५ मध्ये व पुन्हा २००९ मध्ये त्याच गावाने त्याला निवडून दिले. पुढे ते पदच गावकऱ्यांनी सार्वमताने रद्द केले. माकड काही हरले नाही.

निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या चहाच्या सुट्टीचे वर्णन केल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. पार्श्वभूमी अशी, की दोन वर्षांपूर्वी, म्हणजे मे २००० मध्ये, बढतीसाठीच्या प्लेऑफच्या उपांत्य फेरीत हीच दोन गावे समोरासमोर आली होती आणि डार्लिंग्टनने दोन्ही सामने मिळून ३-० असा विजय मिळवला होता. त्या सोमवारी हार्टलपूलवाल्याच्या लॉकरवर एक केळे नव्हते, अख्खा घड होता. त्यानंतर वेम्बलीच्या अंतिम सामन्यात डार्लिंग्टन पीटरबरोकडून एका गोलने हरले, तेव्हा हार्टलपूलवाला पुढचा आठवडाभर छातीवर पीटरबरोचा बिल्ला लावून हिंडला. पीटरबरो नकाशावर नेमके कोठे आहे, हे त्याला सांगता आले नसते. परंतु घडाचे उट्टे फिटले नव्हते. ते फिटले २००२ मध्ये. हा बाबा सकाळी दोन पेट्या केळी घेऊन आला, चहाच्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि पाळीतल्या प्रत्येक माणसाच्या हातात ‘महापौरांकडून, महापौरांकडून’ असे म्हणत एकेक केळे ठेवत गेला. डार्लिंग्टनवाल्याची पाळी आली तेव्हा त्याने केळे मागे घेतले आणि अत्यंत शासकीय आवाजात म्हणाला, ‘क्षमस्व. आपण आमच्या हद्दीत येत नाही.’

डार्लिंग्टनवाल्याला यावर उत्तर सुचले नाही. पुढच्या वर्षी तर परिस्थितीनेच त्याचे तोंड बंद केले. त्यांच्या क्लबाचे मालक जॉर्ज रेनॉल्ड्स हे तरुणपणी तिजोऱ्या फोडल्याबद्दल तुरुंगात जाऊन आलेले आणि पुढे स्वयंपाकघरातल्या ओट्यांच्या फळ्या विकून कोट्यधीश झालेले गृहस्थ. जेमतेम काही हजार प्रेक्षक येणाऱ्या क्लबासाठी त्यांनी २५ हजार खुर्च्यांचे स्टेडियम बांधले. ते २००३ मध्ये उघडले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस क्लब दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेला. हार्टलपूलवाल्याने हिशेब केला, की डार्लिंग्टनमध्ये दर माणशी आठ खुर्च्या येतात. एकीवर बसायचे, एकीवर डबा ठेवायचा, आणि उरलेल्या सहांवर आपला संघ वरच्या श्रेणीत जाईल ही आशा पसरून ठेवायची.

२०१२ उजाडले तेव्हा डार्लिंग्टन खरोखरच मरणाला टेकले. जानेवारीत खेळाडूंना पगार नव्हता, समर्थक बाजारात बादल्या घेऊन उभे होते, आणि उन्हाळ्यात फुटबॉल संघटनेने हा नवा क्लब समजून त्याला थेट नवव्या पायरीवर नेऊन बसवले. बादल्यांच्या त्या आठवड्यात मी हार्टलपूलवाल्याबरोबर डार्लिंग्टनच्या बाजारातून जात होतो. त्याने इकडे तिकडे पाहिले, वीस पौंडांची नोट चार वेळा दुमडून बादलीत टाकली आणि मला दम दिला, की हे कारखान्यात कळले तर तुझी खैर नाही. मी विचारले, ‘का टाकलीस?’ त्याचे उत्तर मला आजही जसेच्या तसे आठवते. ‘मिडल्सबरोवाले आमच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. संडरलंड आणि न्यूकॅसल यांना आम्ही आहोत हेसुद्धा माहीत नाही. हे गेले तर आम्हाला माकड म्हणणारे कोण उरले?’

मूळ विषय येथे कोणालाही कळला असेल. परंतु मी निव्वळ एका कारखान्याच्या बळावर सिद्धान्त मांडतो आहे, असे वाटू नये म्हणून आणखी थोडे फिरून येऊ.

दक्षिणेकडे किनाऱ्याने उतरत गेले, की ग्रिम्सबी लागते. एके काळी मासेमारीसाठी जगभर नावाजलेले हे बंदर. त्यांच्या क्लबाचे मैदान ब्लंडेल पार्क हे ग्रिम्सबीत नसून लगतच्या क्लीथॉर्प्स गावात आहे, त्यामुळे हा संघ घरचे सामनेही परगावी खेळतो, ही कोटी प्रत्येक पाहुणा समर्थक आपल्यालाच प्रथम सुचली अशा थाटात करतो. इंग्लिश प्रेक्षकांकडे काही चाली कायम तयार असतात. एका वेल्श स्तोत्राच्या चालीवर ‘आता कसे गप्प झालात’ असे म्हणतात आणि एका क्यूबन गीताच्या चालीवर ‘जिंकता तेव्हाच गाता’ असे. ग्रिम्सबीसमोर या दुसऱ्या ओळीचे ‘मासे धरता तेव्हाच गाता’ असे झाले. ग्रिम्सबीच्या लोकांनी ती ओळ उचलली आणि छाती फुगवून स्वतःच गाऊ लागले: आम्ही मासे धरतानाच गातो. एवढ्यावर ते थांबले नाहीत. १९८० च्या दशकाच्या शेवटी मँचेस्टर सिटीच्या समर्थकांनी हवा भरलेली केळी मैदानात आणण्याची टूम काढली होती. ग्रिम्सबीवाल्यांनी हवा भरलेला हॅडॉक मासा आणला आणि त्याला हॅरी असे नाव दिले. १९८९ मध्ये एफए चषकाच्या सामन्यासाठी ते विम्बल्डनला गेले, तेव्हा स्टँडमध्ये माणसांइतकेच मासे दिसत होते. सिटीची केळी केव्हाच गेली. हॅरी अजून आहे. २७ ऑगस्ट २०२५ च्या रात्री लीग टूमधल्या याच ग्रिम्सबीने मँचेस्टर युनायटेडला लीग चषकातून बाहेर काढले. २-२ अशी बरोबरी, मग पेनल्टींवर १२-११. मी पहाटेपर्यंत जागा होतो आणि सकाळी त्या उपाहारगृहातल्या लाल शर्टवाल्या मुलाला मी फक्त माशाचे एक चित्र पाठवले. त्याला ते कळले नाही. माहितीअभावी टोमणा वाया जातो, तो असा.

हे आपल्याकडेही आहे. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून, हातवारे करत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. बोरीचा बार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना दोन स्टँडांमध्ये पोलिसांनी मोकळ्या सोडलेल्या खुर्च्यांचा पट्टा म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागणार नाही. तो ओढाच आहे.

आता पुणेकरांच्या जिव्हाळ्याचा विषय. लँकशरमध्ये बर्नली आणि ब्लॅकबर्न ही दोन गिरण्यांची गावे एकमेकांपासून वीस किलोमीटरही दूर नाहीत. १८८८ मध्ये ज्या बारा क्लबांनी फुटबॉल लीग स्थापन केली, त्यांत दोघेही होते. म्हणजे हे भांडण सव्वाशे वर्षांहून जुने, अस्सल भाऊबंदकीचे. १९८५ मध्ये बर्नली चौथ्या श्रेणीत घसरले आणि तेथेच रुतून बसले. १९९१ मध्ये बढतीसाठीच्या प्लेऑफमध्ये ते टॉर्कीविरुद्ध स्वतःच्या मैदानावर खेळत असताना आकाशात एक छोटे विमान आले. त्याच्या शेपटीला लांबलचक फलक होता. त्यावरच्या मजकुराचा आशय असा: कायमचे खालीच राहा, सप्रेम, रोव्हर्स. रोव्हर्स म्हणजे ब्लॅकबर्न. बर्नली त्या दिवशी वर गेले नाहीत. विमानाचे भाडे कोणी भरले, यावर त्या भागात अजूनही वाद घालता येतो.

नियती हिशेब ठेवते, असे म्हणण्याचा मोह मी टाळतो. बर्नलीचे लोक टाळत नाहीत. नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब व्हेंकीज या आपल्या पुण्याच्या कुक्कुटपालन कंपनीने विकत घेतला. बर्नलीच्या समर्थकांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. शंभर वर्षे ज्याच्या खोड्या काढायच्या, त्याचा मालक कोंबड्यांच्या धंद्यातला निघावा! त्यांना काही रचावेच लागले नाही. २०११ मध्ये खुद्द ब्लॅकबर्नचे खेळाडू जाहिरातीत कोंबडीवर ताव मारताना दिसले. ७ मे २०१२ रोजी विगनविरुद्धच्या सामन्यात क्लबाच्या निशाणात गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडण्यात आली. ती सोडली होती ब्लॅकबर्नच्याच संतापलेल्या समर्थकांच्या बाजूने, आणि त्या संध्याकाळी ०-१ अशा पराभवाने क्लब प्रीमियर लीगमधून घसरला. २०१७ मध्ये तो आणखी एक पायरी उतरून लीग वनमध्ये गेला आणि वर्षभरात परत चढला. मालकांच्या कारभाराविषयी पुण्यात बसून निवाडा देण्याचा माझा विचार नाही. माझे कुतूहल कोंबडीपुरते आहे. शेजाऱ्याने वापरायचे हत्यार घरच्यांनीच उचलले, तर शेजाऱ्याने काय करावे? त्या वर्षी मला भेटलेला एक बर्नलीवाला अक्षरशः बेरोजगार झाल्यासारखा दिसत होता.

चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटे.’ चिठ्ठीच्या मागे ‘माकडावर पुरे’ असेही लिहिले आहे. ठीक आहे, सिद्धान्ताकडे वळतो, आणि थोडे धावतच जातो.

पहिले असे, की खालच्या लीगमध्ये स्मरण फार लांब पल्ल्याचे असते, कारण तेथे चषक नसतात आणि आठवणीच मोजाव्या लागतात. ९ मे १९८७ ला टॉर्की आपल्या मैदानावर क्रूविरुद्ध १-२ असे मागे होते आणि लीगमधून बाहेर जाण्याच्या बेतात होते. शेवटच्या काही मिनिटांत बंदोबस्तावरचा ब्रिन नावाचा पोलिसी कुत्रा टॉर्कीच्याच जिम मॅकनिकलच्या मांडीला चावला. उपचारासाठी खेळ थांबला, तेवढी मिनिटे वाढवून मिळाली आणि त्या उधारीच्या वेळात पॉल डॉब्सनने बरोबरीचा गोल केला. टॉर्की वाचले, लिंकन सिटी गोलफरकावर बाहेर गेले. लिंकनच्या माणसासमोर आजही नुसते भुंकून दाखवले तरी पुरते. ही माहिती दोनशे मैलांवरच्या अनोळखी माणसाकडे असते, आणि ती असते म्हणूनच तो अनोळखी राहत नाही.

दुसरे, सर्वांत वाईट टोमणा म्हणजे ओळख न देणे. १९८९ मध्ये इंग्लंडमध्ये दुधाची एक जाहिरात आली. लिव्हरपूलचे शर्ट घातलेली दोन मुले. दूध प्यायले नाहीस तर तू फक्त ॲक्रिंग्टन स्टॅन्लीकडून खेळण्याच्या लायकीचा राहशील, असे लिव्हरपूलचा खेळाडू इयन रश आपल्याला म्हणाला, असे एक सांगतो. ते कोण, असे दुसरा विचारतो. तेच तर, असे पहिला म्हणतो. ज्या क्लबाने १९६२ मध्ये पैशाअभावी लीगचा राजीनामा दिला होता, जो मोडून १९६८ मध्ये पुन्हा उभा राहिला होता, त्याला सारा देश ‘ते कोण?’ असे विचारू लागला. १९६२ मध्ये त्यांच्या रिकाम्या जागी ऑक्सफर्ड युनायटेडला घेतले होते. २००६ मध्ये ॲक्रिंग्टन लीगमध्ये परतले, आणि त्याच हंगामात लीगबाहेर फेकल्या गेलेल्या दोन क्लबांत एक ऑक्सफर्ड होते. ‘ते कोण?’ या प्रश्नाला इतके सविस्तर उत्तर मी दुसरे पाहिलेले नाही.

तिसरे, आणि हे मला सावकाश सांगायचे होते, की प्रत्येक टोमणा थट्टा नसतो. १९८४-८५ च्या कोळसा खाण कामगारांच्या संपात नॉटिंगहॅमशरमधले बहुतेक खाणकामगार कामावर जात राहिले, आणि शेजारच्या डर्बीशर व यॉर्कशरमध्ये लोक वर्षभर उपाशी राहिले. डर्बीशरमधल्या चेस्टरफील्डचे समर्थक नॉटिंगहॅमशरमधल्या मॅन्सफील्डला आजही ‘संपफोडे’ म्हणतात. म्हणणाऱ्यांत निम्मे त्या वेळी जन्मलेलेही नव्हते. तेथेही माहिती आहे, शेजारही आहे, परंतु केळे सोलून खावे तसे हे कोणाला खाता येत नाही. विम्बल्डनचेही तसेच. २००२ मध्ये त्यांचा क्लब मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात हलवण्यास परवानगी मिळाली. नवा क्लब काढणे फुटबॉलच्या व्यापक हिताचे नाही, असे त्याच निर्णयात म्हटले होते. समर्थकांनी त्याच उन्हाळ्यात तो काढला, गावच्या माळावर खेळाडूंची निवड केली आणि नऊ वर्षांत लीग गाठली. मिल्टन कीन्सच्या संघाच्या नावातला ‘डॉन्स’ हा शब्द, म्हणजे विम्बल्डनचे जुने टोपणनाव, छापायचा नाही, म्हणून त्यांनी २०१७ मध्ये सामन्याच्या पुस्तिकेत नुसते ‘एमके’ छापले आणि लीगकडून नोटीस ओढवून घेतली. येथे रुसवा नाही, फिर्याद आहे. टोमणा कोठे संपतो आणि जखम कोठे सुरू होते, हे चिडवणारा ठरवत नाही; हार्टलपूलने माकड स्वीकारले म्हणून ते माकड गमतीचे झाले. या एका वाक्यासाठी मी खरे तर वीस मिनिटे राखून ठेवली होती.

चौथा मुद्दा वरच्या मजल्यावर हे ज्ञान का आटले, याचा होता. तिकिटे महाग झाली, पाहुण्यांच्या जागा आकसल्या, समर्थक जगभर पसरले, आणि लाखो लोकांना कळेल असा टोमणा म्हणजे कोणत्याच गावाचा नसलेला टोमणा, इतकेच त्यावर आता म्हणतो. अध्यक्ष उभे राहिले आहेत.

एका श्रोत्याने चिठ्ठीतून विचारले आहे, की त्या दोन फिटरांचे पुढे काय झाले. दोघेही निवृत्त झाले. डार्लिंग्टन नवव्या पायरीवरून तीन बढत्या मिळवून नॅशनल लीग नॉर्थपर्यंत, म्हणजे सहाव्या पायरीपर्यंत आले आहे. हार्टलपूल २०२३ मध्ये पुन्हा लीगबाहेर पडून पाचव्या पायरीवर, नॅशनल लीगमध्ये आहे. दोन गावांची लीगमध्ये गाठ पडून बरीच वर्षे झाली. गेल्या नाताळात डार्लिंग्टनवाल्याचे शुभेच्छापत्र आले. आपला संघ वर चढावा, अशी आता त्याची फारशी इच्छा उरलेली नाही, असे त्याने लिहिले आहे. ‘हार्टलपूलनेच एक पायरी खाली यावे, मी केळी आणून ठेवली आहेत.’